दोन पेरं पाणी

माझे दीर ज्योतिषी नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कारण ते काय काम करतात हे कोणाला सांगायला गेलं की समोरचा माणूस लगेच तळहात पुढे करतो आणि म्हणतो, "मग आमचंही बघायला सांगा की जरा!" बघतात कसलं, कपाळ! भावजींचं काम म्हणजे एखादं नवं कीटकनाशक बाजारात यायच्या आधी, ते शेतात मारलं तर शेजारच्या ओढ्यात किती उतरेल, हे ऑफिसात बसून सांगायचं. औषध अजून डब्यात, डबा अजून कारखान्यात, आणि इकडे भावजींचा आकडा तयार. एका लिटर पाण्यात एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, त्याचाही हजारावा भाग, असलं काहीतरी. तिथपर्यंत गेलं की माझं डोकं चालायचं थांबतं.

घरात त्यांचं नाव दशांश. हे नाव मीच ठेवलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. काडीसारखे हातपाय, नाक कायम वाहतं, आणि मी मात्र त्यांना 'अहो भावजी, जेवायला या' म्हणायचं! पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "भावजी, किती वेळात येता?" तर ओढ्याच्या काठावरून आवाज आला, "साडेसव्वीस मिनिटांत." मी हसले. पण घड्याळ बघितलं तर सत्ताविसाव्या मिनिटाला गडी ताटावर हजर. तेव्हापासून दशांश.

साडेसव्वीस मिनिटं हे करत काय होते? तर वरच्या पुलावरून ओढ्यात एक पान सोडायचं आणि ते आमच्या दारापर्यंत किती वेळात येतं ते मोजायचं. 'दार' म्हणजे घराचं नव्हे. ओढ्यातून आमच्या तळ्यांत पाणी घ्यायला एक लोखंडी दार आहे, वर चाक, चाक फिरवलं की दार वर येतं. माझ्या सासऱ्यांनी तीन तळी खणली आणि माशांची पैदास सुरू केली. तळ्यांत अंडी देणाऱ्या मोठ्या माद्या, त्यांना आम्ही 'आया' म्हणतो. त्यांची पिल्लं बोटाएवढी झाली की ती बोटुकली दुसऱ्या तळ्यांवर जायची. सासरे गेले, पण त्यांनी आणलेल्या आयांच्या लेकी, नाती, पणत्या आमच्याकडे होत्या. आणि एक तर त्यांनी स्वतःच्या हातांनी सोडलेली, बावीस वर्षांची. तिला सगळे म्हातारी म्हणायचे. आमच्या यांनी काठावर दोनदा पाय आपटला की म्हातारी वर यायची आणि तोंड उघडून उभी राहायची, जणू काही 'आज एवढा उशीर का' असं विचारायला.

दोघा भावांत थोरले म्हणजे आमचे हे. ते पाण्यात राहिले, धाकटे पुस्तकात गेले. पण धाकट्यांचं पुस्तकही शेवटी पाण्याचंच निघालं. शिकले, मोठ्या शहरात नोकरी लागली. लग्न केलं नाही. मी विचारून विचारून थकले, तर म्हणायचे, "वहिनी, सगळी माहिती भरून पाहिली. अंदाज चांगला येत नाही." दर रविवारी मात्र फोन यायचा, आणि महिन्यातून एकदा स्वतः यायचे. आले की आधी तळ्यावर जायचे, मग घरात.

एकदा डोळे तपासायला मी शहरात गेले होते. डोळ्यांत औषध घालून दोन तास बसवून ठेवणार होते. मी म्हटलं, भिंतीकडे बघत कशाला बसू, भावजींचं ऑफिस तरी बघून येते. चौथा मजला. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांवर फायलींचे गठ्ठे. भावजींच्या खोलीत दोन स्क्रीन, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलेलं टेबल, काचेखाली बसचं वेळापत्रक. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "हं, दाखवा तुमचा ओढा."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला. मला आधीच सगळं धूसर दिसत होतं, त्यात नुसते आकड्यांचे रकाने.

"यात पाणी कुठंय?"

"या रकान्यात. रुंदी एक मीटर, खोली तीस सेंटिमीटर. म्हणजे एक फूट. शेजारी शेत. शेतात फवारणी केली की वाऱ्यानं थोडं उडून येतं, पाऊस पडला की थोडं वाहून येतं. वीस वर्षांचा पाऊस यात भरलेला आहे. ते सगळं मिळून पाण्यात जास्तीत जास्त किती होईल, तो हा आकडा. आणि ही रेषा. माशांना, किड्यांना सोसेल त्याची. आकडा रेषेखाली आला तर परवानगी."

"उन्हाळ्यात खोली किती?"

"तीस सेंटिमीटर."

"आणि पाऊस महिनाभर लांबला तर?"

"तीसच."

"अहो, मग असा ओढा आम्हालाही द्या की बांधून! आमच्याकडे निम्मं वर्ष घोटा बुडत नाही."

ते हसले. मग एकदम हसायचे थांबले आणि म्हणाले, "वहिनी, हा कुठलाच ओढा नाही. नियमात लिहिलेला ओढा आहे. प्रत्येकानं आपापल्या मर्जीची खोली धरली तर एका औषधाचे पन्नास आकडे येतील. म्हणून सगळ्यांनी मिळून एक फूट ठरवली आहे." बोलले ते पटण्यासारखं होतं. पण बोलताना काचेखालचं वेळापत्रक बघत होते, माझ्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात आले तेव्हा पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. तपकिरी काचेच्या, जाड बुडाच्या, घट्ट झाकणाच्या. आमच्याजवळच्या पुलावर त्यांच्या खात्याचा माणूस दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येऊन ओढ्याचं पाणी भरून नेतो. अंदाज केला तो खरा की खोटा हे पडताळायला. "पण वहिनी," भावजी म्हणाले, "औषध चार तासांत येतं आणि चार तासांत निघून जातं. मंगळवारची वाट बघत थांबत नाही." मी म्हटलं, "म्हणजे वरातीमागून घोडं." ते म्हणाले, "अगदी. म्हणून या बाटल्या ठेवा. कधी खेकडे पाण्याबाहेर पळताना दिसले, मासे वर येऊन तडफडायला लागले, तर आधी बाटली भरायची, मग ओरडायचं. आणि काचेचीच हं. काही औषधं प्लास्टिकला चिकटून बसतात, मग पाण्यात सापडतच नाहीत."

"हो हो," मी म्हटलं. मला काय, बाटल्या दिसायला झकास होत्या. चार महिने कपाटावर राहिल्या, मग एकीत मी स्वयंपाकघराच्या खिडकीत वेल लावला, एकीत तेल भरलं आणि तिसरी शेजारणीला आवडली म्हणून तिला दिली. हे मी कोणी न विचारता स्वतः सांगतेय, लिहून ठेवा.

आता दाराची गोष्ट. वरच्या अंगाला मोठी फळबाग आहे. भावजींनी दोन वर्षांत तीन वेळा फोन करून सांगितलं, "दादा, उद्या बागेत फवारणी आणि परवा पाऊस दिसतोय. दार दोन दिवस बंद ठेव." यांनी तिन्ही वेळा निमूट चाक फिरवलं. पहिल्या वेळी पाऊस आला नाही. दुसऱ्या वेळी आला, काही झालं नाही. तिसऱ्या वेळी इतका उकाडा होता की ताजं पाणी बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी बोटुकली वर येऊन तोंडं वासायला लागली. दार उघडेपर्यंत एका तळ्यातली निम्मी गेली. ओढ्यात खेकडे मजेत फिरत होते. पाणी स्वच्छ होतं.

आमचे हे तसे कमी बोलणारे. पण त्या दिवशी फोनवर म्हणाले, "ओढ्यानं नाही मारली रे ही पोरं. तुझ्या अंदाजानं मारली."

मी बाजूला उभी होते. म्हटलं, "अहो, असं काय बोलता?" पण तीर सुटला तो सुटला. भावजींनी कानाला खडा लावला. त्यानंतर दार बंद ठेवा म्हणून त्यांचा फोन कधी आला नाही. रविवारी बोलायचे, पण इकडचं तिकडचं. आणि खरं सांगू? मलाही बरंच वाटलं होतं. दर वेळी चाक फिरवायचं आणि जीव मुठीत धरून बसायचं, कोणाला हवंय?

मग त्या नव्या औषधाची फाइल भावजींच्या टेबलावर आली. फळबागांसाठीच होतं. किड्यांना तर मारायचंच, पण माशांना फार वाईट, म्हणून रेषाही खूप खाली. भावजींनी सगळं भरलं. आकडा आला शून्य पूर्णांक शून्य शून्य चार. रेषा होती शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा. म्हणजे पास. दशांशांचा मामला असल्यामुळे मला हे पाठ आहे, आणि आता मरेपर्यंत राहील.

पण भावजींचं मन मानेना. त्यांनी फाइलला एक टिपण जोडलं, की काही भागांत ओढ्यांची खोली फूटभर नसते, पाच सेंटिमीटरसुद्धा असते, तिथे काय होईल ते तपासावं. बैठकीत त्यांच्या साहेबांनी ते टिपण वाचलं आणि विचारलं, "हे पाच सेंटिमीटर कुठून आणले?" भावजी खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "माझ्या वहिनीच्या ओढ्यात मोजलंय." सगळी खोली हसली. साहेबही हसले. वाईट माणूस नाही तो, मी पाहिलाय, चहा पाजला होता मला. तो म्हणाला, "अहो, प्रत्येकाच्या वहिनीच्या ओढ्यासाठी वेगळा आकडा काढायला बसलो तर या खोलीतून एकही औषध बाहेर जाणार नाही. आणि मग लोक जुनं, याहून वाईट औषध मारत बसतील. ते चालेल?" तेही खरंच होतं. भावजींनी टिपण काढून घेतलं आणि सही केली.

हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तर? तर काय, मी थट्टा केली असती. म्हटलं असतं, बघा, तुमच्या ऑफिसात आमच्या ओढ्याचं नाव निघालं!

त्या वर्षी पाऊस लांबला. ओढ्यात मधल्या बोटाची दोन पेरं बुडतील एवढंच पाणी. तेही एका बाजूनं, बाकी सगळे दगड. बुधवारी बागेत त्याच नव्या औषधाची फवारणी झाली, तिन्हीसांजेला तासभर सरळ सरी आल्या. आम्ही खुश! म्हटलं, सुटलो, तळ्यांना ताजं पाणी मिळालं. यांनी दार आणखी दोन बोटं वर उचललं. यांनी स्वतःच्या हातानं उचललं.

गुरुवारी सकाळी मी तळ्यावर गेले तर दाराजवळच्या भिंतीवर खेकडे. दहा-बारा. एक तर माझ्या चपलेवर चढला. मी म्हटलं, यांना काय झालं आज? आणि मग पाण्याकडे बघितलं. बोटुकली गोल गोल फिरत होती, एकाच बाजूला कलून, चक्कर आल्यासारखी. आणि म्हातारी वर आली होती. कोणी पाय आपटला नव्हता. तोंड उघडून ती उभी नव्हती, आडवी होती.

मी ओरडले. बाटली आठवायच्या आधीच ओरडले. हे धावत आले, चाक फिरवून दार बंद केलं, पाण्यात उतरले आणि म्हातारीला दोन्ही हातांवर धरून पाण्यात पुढे-मागे करायला लागले, तिच्या कल्ल्यांतून पाणी फिरावं म्हणून. "चल गं, चल गं," एवढंच म्हणत होते. मला तेव्हा बाटल्या आठवल्या. मी घरात पळाले. एकीत वेल, मुळं आतपर्यंत पसरलेली. एकीत तेल. शेजारणीच्या दाराला कुलूप. ओट्यावर पाण्याची प्लास्टिकची बाटली होती, ती ओतली आणि ओढ्याकडे पळाले, दाराबाहेरचं पाणी त्यात भरलं. प्लास्टिक नको म्हणून सांगितलेलं मला आठवत होतं की नव्हतं? आठवत होतं. पण काहीच नसण्यापेक्षा बरं, असं वाटलं. माणसाला त्या वेळी काय वाटेल ते वाटतं.

दुपारपर्यंत तिन्ही तळी पांढरी झाली. पोटं वर. बागवाल्याला कळलं तसा तो स्वतः आला, गमबूट घालून पाण्यात उतरला आणि आमच्याबरोबर मासे काढू लागला. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. तोंडापर्यंत आल्या होत्या. पण त्यानं खिशातून डब्यावरचा कागद काढला. लिहिलंय तेवढंच औषध, लिहिलंय तेवढं अंतर सोडून, वारा नसताना. सगळं चोख. "मी अजून काय करायला हवं होतं, सांगा ना," म्हणाला आणि रडायला लागला. आता याला काय शिव्या देणार? एवढं वाटोळं झालं आणि शिव्या द्यायला एक माणूस सापडू नये!

भावजी मिळेल ती गाडी पकडून आले. तळ्याकडे गेले नाहीत, पहिल्यांदाच सरळ घरात आले. मी प्लास्टिकची बाटली पुढे केली. त्यांनी ती बघितली, मग खिडकीतल्या वेलाकडे बघितलं. बोलले असते, ओरडले असते, तर मी पायच धरले असते. "चालेल, वहिनी," म्हणाले, "बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटलेलं असेल, ते धुऊन काढता येतं." दोन मासे आणि ती बाटली बर्फात घालून ते लॅबमध्ये घेऊन गेले.

लॅबच्या खिडकीवर फॉर्म भरायला लागतो. भावजी फॉर्म भरत होते तेवढ्यात खिडकीवरच्या बाईनं बाटली उचलली. बाहेरचं भांडं आत न्यायचं नाही, असा तिथला नियम. तिनं नियमाप्रमाणे पाणी एका स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतलं, वर चिठ्ठी लावली आणि आमची रिकामी बाटली कचऱ्यात टाकली. कचरा तेवढ्यात बाहेरच्या पिंपात गेला. भावजी मागच्या अंगणात कचऱ्याच्या पिंपात हात घालून तासभर शोधत होते. शिकलेला माणूस, वीस वर्षांची नोकरी. तशा प्लास्टिकच्या बाटल्या तिथे शंभर होत्या. आपली कुठली, कसं ओळखणार? मासे तपासायची सोय त्या लॅबमध्ये नव्हती, आणि जिथे होती तिथे पोचेपर्यंत माशांना वास सुटला होता.

आठवड्यानं कागद आला. "आढळले नाही."

पुलावरचा माणूस त्याच्या मंगळवारी येऊन पाणी घेऊन गेला होताच. त्याचाही कागद आला. "आढळले नाही." का आढळेल? गुरुवारचं पाणी मंगळवारी समुद्राला लागलं असेल.

वर्षाअखेरीस भावजींच्या ऑफिसात अहवाल झाला. अंदाज होता शून्य शून्य चार, प्रत्यक्षात सापडलं काहीच नाही, तेव्हा अंदाज सुरक्षित ठरला. साहेबांनी सगळ्यांसमोर भावजींचं कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. भावजींनी उभं राहून सांगितलं की त्या ओढ्यावरची तिन्ही तळी मेली. साहेबांनी मान हलवली, खरंच वाईट वाटलं त्याला, आणि म्हणाला, "पण कागद काय म्हणतो?" अंदाजाच्या कागदावर तर भावजींचीच सही होती.

हे सांगताना ते आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. "वहिनी, मी चुकलो असं कुणी म्हणेचना हो," म्हणाले आणि लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. पंचेचाळिशीला आलेला माणूस. फुटाऐवजी दोन पेरं, म्हणजे सहापट पाणी कमी, तर सहापट औषध, एवढं गणित मी केव्हाच करून ठेवलं होतं. चारचे चोवीस होतात. रेषा सहाची. हे करायला दोन स्क्रीन लागत नाहीत. पण माझ्या गणिताला विचारतो कोण, आणि ज्या बाटलीनं ते सिद्ध झालं असतं ती माझ्यामुळे हुकली. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्या उंबऱ्यावरून हे आत-बाहेर करत होते. भावाला ओलांडून गेले, दोनदा. रागही नव्हता हो त्यात. बोलायला काही उरलंच नव्हतं.

मी तिन्ही बाटल्या रिकाम्या केल्या. शेजारणीकडून तिची परत मागून आणली. धुऊन, उकळून, दाराजवळ फळीवर मांडून ठेवल्या. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! भावजींनी मला एक स्टीलची पट्टी आणून दिली. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो, "वहिनी, पाणी किती?" मी ओढ्यात पट्टी उभी धरते आणि सांगते. ते वहीत लिहून घेतात. ती वही कोणी मागितलेली नाही. ते म्हणतात, बारा-पंधरा वर्षांच्या नोंदी झाल्या तर कदाचित नियमातला ओढा बदलायचा विचार होईल. मी म्हणते, होईल होईल.

तळी वर्षभर कोरडी होती. यांनी दाराचं चाक गंजू दिलं. मग या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, दूरच्या एका पैदासवाल्याकडे गेले. सासऱ्यांनी कधीकाळी त्याला आपल्याकडची बोटुकली दिली होती. म्हणजे त्याच्याकडच्या आया आमच्या म्हातारीच्याच नात्यातल्या. त्यानं चार द्यायचं कबूल केलं. यांनी एक तळं घासलं, चाकाला तेल घातलं. आणि गेल्या रविवारी सकाळी गाडी आली. मोठ्या पिशव्यांत पाणी, पाण्यात हवा भरलेली, एकेका पिशवीत एकेक आई. गाडीवाला म्हणाला, आणखी तासभर ठीक आहेत, पुढे माझी हमी नाही.

तळ्यात विहिरीचं पाणी भरलेलं होतं, पण साचलेल्या पाण्यात ताजं, वाहतं पाणी मिसळल्याशिवाय इतक्या मोठ्या माद्या तगत नाहीत. आणि वरच्या बागेत शनिवारी दिवसभर फवारणी चालू होती. ढगही होते. भुरभुर पाऊस रात्री येऊन गेला असावा, नसावा. दगड ओले होते, पण ते दवानंही असतात. ओढ्याच्या काठावर खेकडा एकही नव्हता. हे चांगलं की वाईट, तेही मला कळेना.

हे चाकाला हात लावून उभे होते. दीड वर्षात भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं त्यांनी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला विचार. उघडू का?"

मी फोन लावला. भावजींनी पहिल्या घंटीला उचलला. मी सगळं सांगितलं. शनिवारची फवारणी, ढग, पिशव्या, तास.

"पाणी किती, वहिनी?"

पट्टी घरात होती. मी बोट घातलं. "दोन पेरं."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आकडा... नियमातला आकडा रेषेखालीच आहे, वहिनी."

"आकडा नाही विचारला, भावजी. दादा विचारतायत. तुमचा दादा विचारतोय. दार उघडू का?"

तिकडून नुसता श्वास ऐकू येत होता. एका पिशवीतली आई आडवी व्हायला लागली होती, मग पुन्हा सरळ झाली.

"भावजी?"

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "वहिनी, मला खरंच सांगता येत नाही हो."

मी फोन कानालाच धरून ठेवला. यांचा हात चाकावर होता आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.